डिटेक्टर वर की खाली?

आपण श्वासातून जी हवा आत घेतो तिच्यातला नायट्रोजनचा रेणू २७ अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ५१५ मीटर वेगाने धावत असतो. फायरिंग रेंजवर आपण पॉइंट टू टू रायफल चालवतो, तिच्या गोळीपेक्षा हा वेग जास्त आहे. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा विश्वासच बसेना. रविवारी मेसमध्ये पुऱ्या तळायला घेतात तेव्हा त्यांचा वास आमच्या हाउसपर्यंत यायला चांगली पाच-सात मिनिटे लागतात. अंतर असेल दीडशे मीटर. वास म्हणजेही रेणूच. मग गोळीच्या वेगाने सुटलेला रेणू एवढा वेळ वाटेत करतो काय?

प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला तसाच राहिला असता. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बंगळुरूला, जयनगर फोर्थ ब्लॉकजवळ राहणाऱ्या माझ्या मामांकडे गेलो आणि तिथे त्याचे उत्तर शोधणे भाग पडले.

मामांच्या घरी माझी आजी असते. मामा-मामी दोघेही नोकरीला आणि दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला. त्यामुळे दिवसभर घरात आजी एकटीच. २०२१ साली तिला कोरोना झाला. त्यातून ती बरी झाली, पण गेलेला वास परत आला नाही. फोडणी करपली तरी तिला धूर दिसल्यावरच कळते. "नाक आता फक्त चष्मा ठेवायला उरलंय," असे ती म्हणते आणि सगळे हसतात. मीही हसायचो.

त्या संध्याकाळी दिवेलागणीची वेळ होती. मामांकडे देवघर स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात आहे. आजीच्या हातात काडेपेटी होती. कामाला येणाऱ्या अक्का दाराशी उभ्या राहून आजीशी बोलत होत्या, मग फरशी पुसायला खाली बसल्या आणि एकदम ओरडल्या, "गॅस! गॅस!" मी बाहेरच्या खोलीत होतो. धावत आत आलो, आजीच्या हातातून काडेपेटी घेतली, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला आणि मागचे दार उघडले. अक्कांनी खिडकी उघडली. दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटनाला कोणी हात लावला नाही, कारण बटन दाबताना उडणारी बारीक ठिणगीसुद्धा पुरते. आम्ही तिघे अंगणात जाऊन उभे राहिलो. नंतर पाहिले तर ओट्याखालच्या रबरी नळीला रेग्युलेटरजवळ चीर गेली होती. नळी जुनी झाली होती, एवढेच.

रात्री झोपताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. अक्का दाराशी उभ्या होत्या तेव्हा त्यांना वास आला नव्हता. खाली बसल्यावर आला.

नंतर मी हिशेब केला. स्वयंपाकघर आठ फूट बाय दहा फूट आणि उंची दहा फूट, म्हणजे साधारण २२ घनमीटर हवा. एलपीजी हवेत साधारण २ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. सगळ्या खोलीत २ टक्के व्हायला पाऊण ते एक किलो गॅस लागेल. पण तोच गॅस जमिनीलगतच्या एका फुटाच्या थरातच राहिला तर ८० ग्रॅम पुरतो. ८० ग्रॅम म्हणजे एका मध्यम कांद्याचे वजन. भरलेल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो.

दुसऱ्या दिवशी मामांनी नवीन नळी आणली आणि गॅस गळाला की वाजणारा डिटेक्टरही आणला. तो लावायला एक मेकॅनिक अण्णा आले. त्यांनी स्टूल घेतले आणि ड्रिल मशीन छताजवळ टेकवले. "मेले, मेले," असे ते म्हणत होते. कन्नडमध्ये याचा अर्थ 'वर', पण स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सांगलीकडच्या आजीच्या कानाला ते फारच अशुभ वाटले. "हे काय बोलतायत सारखं?" असे तिने मला हळूच विचारले. चाळीस वर्षे बंगळुरूत राहून तिला कन्नड उत्तम येते, तरी त्या दिवशी तिने मराठीच ऐकले.

अण्णांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ते ज्या नव्या इमारतींत काम करतात तिथे पाइपचा गॅस असतो. तो मुख्यतः मिथेन. मिथेनच्या रेणूचे वजन १६ आणि हवेचे सरासरी २९. म्हणून तो वर जातो आणि डिटेक्टर वर लावतात. पण सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. त्यांची वजने ४४ आणि ५८, म्हणजे हवेच्या दीडपट आणि दुप्पट. डिटेक्टरच्या खोक्यातल्या कागदावरही एलपीजीसाठी जमिनीपासून एक फूट असे छापले होते. का, ते छापले नव्हते. आणि आमच्या दादाला 'का' कळल्याशिवाय काही पटत नाही.

दादाने तिसरेच मत मांडले. तो म्हणाला, "वर लावा नाहीतर खाली लावा, काही फरक पडत नाही. वायूंचा गतिज सिद्धांत काय सांगतो? वायूचे रेणू सतत, सर्व दिशांना, वेड्यासारखे धावत असतात. एकमेकांवर आणि भिंतींवर आपटतात, पण टकरीत त्यांची एकूण ऊर्जा कमी होत नाही. त्यांना आकार नाही, जागा मिळेल तेवढी ते भरतात. म्हणजे गॅस सगळ्या खोलीत सारखाच पसरणार." मी म्हटले, गुरुत्वाकर्षण आहे ना. त्याने लगेच कागदावर गणित करून दाखवले. प्रोपेन हवेत पूर्ण मिसळून स्थिर झाला, की दहा फूट उंचीच्या खोलीत जमिनीशी आणि छताशी त्याच्या प्रमाणात दोन हजारात एक एवढाच फरक राहतो. रेणूंच्या धावपळीपुढे तीन मीटरचे गुरुत्वाकर्षण अगदीच किरकोळ. वर तो म्हणाला, "आपण उच्छ्वासातून सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचं वजनही ४४च आहे. प्रोपेनइतकंच. तो जर खाली साचत असता तर जमिनीवर गादी टाकून झोपणारा माणूस सकाळी उठलाच नसता!"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर आजीकडे होते.

आजीचे माहेर सांगलीजवळ हरिपूरला. तिथे हळद साठवायला जमिनीत पेवे असत. तोंड लहान, आत कोठीसारखा मोठा खड्डा. आजी म्हणाली, "पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. बराच वेळ उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. वरच्या काठाशी हवा चांगली आणि खाली मरण. तुझं पुस्तक याला काय म्हणतं?" बंद पेवात ऑक्सिजन वापरला जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. दादा गप्प झाला. मग तिने जोडले, "इथे मात्र कंदील सोडायला जाऊ नका म्हणजे झालं."

कंदील नाही, पण मेणबत्त्या आम्ही लावल्या. नवीन नळी बसली होती, गॅस बंद होता आणि तरीही आम्ही प्रयोग बाहेरच्या व्हरांड्यात केला. एका खोल पातेल्यात दोन मेणबत्त्या उभ्या केल्या, एक बोटभर आणि एक वीतभर. तळाशी खाण्याचा सोडा पसरला आणि पातेल्याच्या कडेने हळूहळू व्हिनेगर ओतले. फसफसून कार्बन डायऑक्साइड तयार झाला. रेणूचे वजन ४४, म्हणजे प्रोपेनची जागा घ्यायला अगदी योग्य, आणि पेटण्याची भीती नाही. आधी बोटभर मेणबत्ती मिणमिणली आणि विझली. उंच मेणबत्ती निवांत जळत होती. अण्णा ड्रिल मशीन हातात धरून पाहत राहिले. मग काही न बोलता स्टूल उचलून आत गेले आणि जमिनीपासून एक फुटावर पेन्सिलीची खूण केली.

दादा मात्र हरला नव्हता. त्याने पातेले तसेच झाकण न ठेवता राहू दिले आणि तासाभराने लहान मेणबत्ती पुन्हा लावली. ती छान जळली. "बघ," तो म्हणाला, "मिसळला की नाही?"

म्हणजे दोघेही बरोबर होतो. गॅस आधी खाली उतरतो, मग सगळीकडे पसरतो, आणि एकदा मिसळला की पुन्हा आपला आपण वेगळा होऊन खाली बसत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळलेलाच आणि गरम असा बाहेर पडतो, म्हणून जमिनीवर झोपणारा सुखरूप उठतो. नळीच्या चिरेतून आलेला गॅस मात्र एका झोताने येतो, पाण्यासारखा खाली वाहतो आणि उंबऱ्याशी अडतो. मामांकडे स्वयंपाकघराला जुन्या पद्धतीचा चांगला चार बोटे उंबरा आहे. प्रश्न उरला वेळेचा. पाचशे मीटरच्या वेगाने धावणारे रेणू मिसळायला इतका वेळ का लावतात?

इथे माझ्या वहीतला पुऱ्यांचा प्रश्न परत आला. शाळेत आल्यावर भौतिकशास्त्राच्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की हाच प्रश्न १८५८ साली बाइस बॅलट नावाच्या डच हवामानशास्त्रज्ञाने विचारला होता. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीच्या क्लॉशियसने वायूच्या रेणूंचे प्रचंड वेग मांडले होते. बॅलटची शंका अशी की रेणू खरेच इतके वेगवान असतील तर खोलीच्या एका टोकाचा वास दुसऱ्या टोकाला क्षणात का पोचत नाही? मला फार बरे वाटले. आपल्याला मेसच्या बाहेर पडलेली शंका जुन्या शास्त्रज्ञालाही पडली होती!

क्लॉशियसचे उत्तर असे. रेणू वेगाने धावतो, पण सरळ धावू शकत नाही. साध्या हवेत तो सरासरी ७० नॅनोमीटर जातो, म्हणजे केसाच्या जाडीचा हजारावा भाग, तेवढ्यात दुसऱ्या रेणूवर आपटतो आणि दिशा बदलतो. अशा टकरा सेकंदाला सुमारे ७०० कोटी.

याची कल्पना यावी म्हणून एका रविवारी आम्ही सहा जण परेड ग्राउंडवर उतरलो. प्रत्येकाने मधल्या खुणेपासून सुरुवात करायची. प्रत्येक पावलाला नाणे दोनदा उडवायचे आणि त्यावरून पुढे, मागे, डावीकडे की उजवीकडे ते ठरवायचे. अशी शंभर पावले. सरळ चाललो असतो तर मैदानाच्या कडेला पोचलो असतो. शंभर पावलांनंतर एक जण खुणेपासून चार पावलांवर होता, एक चौदा, बाकीचे आठ ते बारा. गणित सांगते की अशा भटकण्यात शंभर पावलांना सरासरी दहा पावले अंतर पडते आणि दहा हजार पावलांना फक्त शंभर. ड्रिल उस्ताद लांबून पाहत होते. जवळ येऊन म्हणाले, "ये कौन सी ड्रिल है?" आम्ही सावधान होऊन सांगितले, "उस्ताद, गॅस की." त्यांनी आम्हाला एक चक्कर पळायला लावले. सरळ रेषेत.

दुप्पट अंतर जायचे तर चौपट वेळ, असा हा नियम आहे. केवळ टकरा खात वासाच्या रेणूला एक मीटर सरकायला साधारण अर्धा दिवस लागतो. पाच मीटरला जवळजवळ पंधरवडा. आणि मेसपासून आमच्या हाउसपर्यंतच्या दीडशे मीटरला तीस वर्षे. पुऱ्यांचा वास आम्हाला त्याच रविवारी मिळतो तो वाऱ्याच्या कृपेने. हवा ढवळली जाते, तिच्याबरोबर रेणूंचे लोटच्या लोट सरकतात. म्हणूनच गॅस गळल्यावर दारे-खिडक्या उघडायच्या असतात. बंद आणि शांत खोलीत रेणूंच्या वेगावर भरवसा ठेवून चालत नाही.

सरांनी मग आणखी एक नाव सांगितले. ते मला आमच्या पुस्तकात सापडले नाही आणि तरी आपल्या मासिकात ते यायलाच हवे असे मला वाटते. जॉन जेम्स वॉटरस्टन. जन्म १८११, एडिंबरो. १८३९ मध्ये तो मुंबईला आला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेट्सचा शिक्षक म्हणून. म्हणजे आपल्यासारख्याच मुलांना शिकवणारा इन्स्ट्रक्टर. शिकवण्यातून उरलेल्या वेळात त्याने वायूंवर एक मोठा निबंध लिहिला आणि १८४५ मध्ये मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवला. क्लॉशियसच्या बारा वर्षे आधी. वायूचा दाब म्हणजे रेणूंचे भिंतीवर सतत आपटणे, तापमान म्हणजे त्यांच्या गतीची ऊर्जा, हे सगळे त्यात होते. शिवाय एक गोष्ट अशी की वेगवेगळ्या वायूंच्या मिश्रणात जड रेणू हळू आणि हलके रेणू जलद धावतात, आणि सरासरी ऊर्जा सगळ्यांची सारखी असते.

निबंध दोन परीक्षकांकडे गेला. एक सर जॉन लबक आणि दुसरे ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेडन पॉवेल, स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलांचे वडील. दोघांनाही तो पटला नाही. लबक यांचा शेरा तर असा होता की हा निव्वळ मूर्खपणा आहे, सभेत वाचण्याच्याही योग्यतेचा नाही. सोसायटीच्या नियमाप्रमाणे हस्तलिखित त्यांच्याकडेच राहिले आणि वॉटरस्टनकडे दुसरी प्रत नव्हती. मला या नियमाचा रागच आला. नापसंत केले ते एक वेळ ठीक, पण परत तरी द्यायचे! १८५७ मध्ये तो मुंबई सोडून स्कॉटलंडला गेला. त्याच वर्षी क्लॉशियसचा लेख छापून आला आणि श्रेय त्याला मिळाले. १८८३ च्या जूनमध्ये वॉटरस्टन एके दिवशी घरातून बाहेर पडला आणि परतलाच नाही. पुढे १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना सोसायटीच्या दप्तरात ते हस्तलिखित सापडले आणि १८९२ मध्ये त्यांनी ते छापले.

वॉटरस्टनचा नियम घेऊन मी जयनगरच्या स्वयंपाकघराचे आकडे काढले. नायट्रोजन ५१५ मीटर, प्रोपेन ४१०, ब्युटेन ३६०. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. त्याचे वजन ६२, वेग सुमारे ३५०. हे सगळे मी दादाला फोनवर सांगितले. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग प्रोपेन पुढे पळेल आणि वास मागे राहील. वास येईपर्यंत उशीर झालेला असेल, नाही का?"

या वेळी उत्तर माझ्याकडे होते. पुढे पळायला मोकळी वाट हवी. इथे दोघांनाही ७० नॅनोमीटरवर धक्का बसतो. नळीतून निघालेला लोट एकत्रच खाली वाहतो, प्रोपेन आणि मर्कॅप्टन एकमेकांना धरून, आणि मर्कॅप्टनचा वास इतका तीव्र असतो की गॅस पेटण्याइतका साचण्याच्या बऱ्याच आधी तो नाकाला कळतो. अक्कांना कळला तसा.

"आणि आजीला?" दादाने विचारले.

"आजीसाठी एक फुटावर आहे ना," मी म्हटले. "त्याच्यासमोर गव्हाचा डबा ठेवू देऊ नकोस."